काकूंच्या शेतातला भाव

ताई जाऊन आता तीन महिने होत आले. भेटायला येणारे लोक तिच्या शाळेबद्दल बोलतात, ती वर्गात किती कडक होती आणि तिच्या हाताखालून किती मुली शिकून गेल्या ते सांगतात. मी ऐकते. मला मात्र या दिवसांत सारखं आठवतं ते तिचं मॅट्रिकचं वर्ष, आणि त्या वर्षी घसरलेला आमचा रुपया. ते आठवलं की का कोण जाणे, बरं वाटतं. म्हणून सवडीनं लिहून ठेवते आहे.

आम्ही मूळचे परंड्याचे. परंडा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. आमच्याकडं त्या मुलखाला मोगलाईच म्हणत. दादा, म्हणजे आमचे वडील, तिथल्या सरकारी शाळेत उर्दू आणि फारसी शिकवत. ते निवृत्त झाले तेव्हा ताईची प्राथमिक शाळा संपत आली होती. परंड्यात त्यापुढं मुलींची सोय नव्हती, आणि असती तरी शिक्षण उर्दूतून झालं असतं. दादांनी जन्मभर उर्दू शिकवली होती, तरी ते आईला म्हणाले, "उर्दू मी पोरींना घरी शिकवीन. शाळा त्यांच्या भाषेतली पाहिजे." म्हणून आम्ही बार्शीला येऊन राहिलो.

बार्शी जवळच, पण इंग्रजी मुलखात. वाटेत दोन्हीकडं तीच काळी जमीन, तीच ज्वारी, बांधावर तीच बाभूळ. मधे फक्त करोडगिरीचा नाका होता, म्हणजे निजाम सरकारचं जकातीचं छप्पर. छपराच्या पलीकडं हाली रुपया चाले आणि अलीकडं इंग्रजांचा कलदार. आम्ही राहायला अलीकडं आलो, पण दादांची पेन्शन पलीकडं राहिली होती.

दर महिन्याला दादा कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं परंड्याला जात, खजिन्यातून हाली रुपये घेत आणि बार्शीत उतरले की सराफाच्या ओट्यावर जाऊन त्यांचे कलदार करून आणत. हालीची किंमत कलदारपेक्षा नेहमीच कमी. सराफ जेवढं कापून घेई त्याला बट्टा म्हणत. सुगीच्या दिवसांत बार्शीचे व्यापारी शेंगा आणि कापूस घ्यायला मोगलाईतल्या कळंब-वाशीकडं निघाले की त्यांना हाली लागत. मग बट्टा उतरे. पावसाळ्यात हालीला कोणी विचारत नसे आणि बट्टा पुन्हा चढे. हे आम्हाला पाठ होतं, जसं शेतकऱ्याच्या पोरांना नक्षत्रं पाठ असतात.

पण त्या पावसाळ्यात हाली नेहमीपेक्षा फार खाली गेला. लढाईचे दिवस, महागाई आधीच होती. पेन्शन तेवढीच होती, रुपयेही तेवढेच, पण सराफाच्या ओट्यावरून उतरताना दादांची पिशवी दर महिन्याला हलकी होत चालली. आधी वर्तमानपत्र बंद झालं. मग दूध निम्मं झालं. मग आईनं कंदिलाची वात इतकी खाली केली की ताई पुस्तक काचेला टेकवून वाचू लागली.

गौरी उठल्या त्या संध्याकाळी दादा जेवताना म्हणाले, "दिवाळीनंतर परंड्याला परत जाऊ. तिथं घर आपलं आहे. तिथं रुपया रुपयाच राहतो."

आईनं ताईकडं पाहिलं. ताईचा मॅट्रिकचा अर्ज दिवाळीनंतर भरायचा होता. फी कलदारमध्ये, एकरकमी.  ताईनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तो तसाच धरून बसली. आई म्हणाली, "खा की. भिजून पडंल तो."

दादांना स्वतःलाच तो निर्णय आवडला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. रविवारी सकाळी मात्र त्यांनी आम्हा दोघींना तयार व्हायला सांगितलं. "नाक्यापलीकडं जाऊन येऊ. तिथं न्हावी हालीत दाढी करतो, पूर्ण रुपयाच्या हिशेबानं. इथं सराफाला बट्टा देऊन मग न्हाव्याला पैसे द्यायचे, ते कशाला?"

म्हणून आम्ही चालत नाक्यापलीकडच्या पहिल्या गावात गेलो. तिथं रविवारी बाजार भरे. दादांनी दाढी केली आणि चपलांना तळ लावून घेतला. एका बाईच्या झोपडीवजा खानावळीत आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली, ठेच्याबरोबर आणि पोट फुटेस्तोवर. वस्तू विकत घेतल्या असत्या तर नाक्यावर महसूल पडला असता, आणि धान्य तर बाहेर नेऊच देत नसत. दादांचा हिशेब सरळ होता. जे पोटात जातं किंवा अंगावर चढतं, ते आणायचं.

नाक्यावरचा कारकून दादांचा जुना विद्यार्थी होता. परत येताना त्यानं उठून सलाम केला आणि विचारलं, "मास्टरसाब, क्या ले जा रहे?"

दादा पोटावर हात ठेवून म्हणाले, "ये ले जा रहा हूँ. इसपर कित्ता महसूल?"

त्यानं आमच्या तिघांच्या पोटांकडं गंभीरपणानं पाहिलं. "पेट का हुकुम अबी आया नई, मास्टरसाब. आया तो तुमकूच पैले बोलूंगा."

दर रविवारचा हा आमचा नेम झाला. पुढच्या खेपेला आईही आली. तिथल्या शिंप्यानं माझा आणि ताईचा असे दोन परकर शिवले, ते आम्ही अंगावर घालून परत आलो. सहल म्हणावी असंच ते होतं. पण एवढ्यानं भागणार नव्हतं. घरभाडं कलदार, शाळेची फी कलदार, दूध आणि रॉकेलही कलदार. ताईनं दादांना दोनदा विचारलं, "आता बार्शीत राहता येईल का, दादा?" दादा दोन्ही वेळा म्हणाले, "बघू." त्यांच्या 'बघू'चा अर्थ आम्हाला ठाऊक होता.

आमच्या घरमालकीणबाईंना सारी गल्ली काकू म्हणे. पुढच्या चार खोल्यांत त्या एकट्या राहत, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मधे एक भिंत. भाडं द्यायला गेलं की त्या प्रत्येक रुपया उंबऱ्याच्या दगडावर टाकून त्याचा आवाज ऐकत. एकदा दादांनी अडचण सांगून हाली पुढं केला तर त्या म्हणाल्या, "मास्तर, ह्या घरात आमच्या मालकांनी कधी हाली घेतला न्हाय. त्यांच्या मागं म्या कशी घिऊ?" मालक वारून बरीच वर्षं झाली होती. दादांनी रुपया परत खिशात टाकला.

एका रविवारी बाजारात फार गर्दी होती म्हणून आम्ही नदीकडच्या पायवाटेनं निघालो. वाटेलगतच्या शेतात खुरपणीच्या बाया बांधावर ओळीनं बसल्या होत्या. त्यांच्यापुढं पोत्यावर काकू बसल्या होत्या, डोक्यावर पदर, मांडीवर पैशांची पिशवी. आम्ही थांबलोच. काकूंचं मोगलाईत शेत आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ते त्यांचं माहेरचं होतं.

काकू मजुरी वाटत होत्या. हाली रुपये, हाली आणे.

एक बाई म्हणाली, "काकू, दोन आणे वाढवा की. तेल किती म्हाग झालंय."

"मलाबी म्हागच हाय गं," काकू म्हणाल्या. "तुमाला वाटतं झाडाला लागत्यात हाली? माल बार्शीत कलदारात इकते, अन् मजुरीला त्या सराफाकडनं हाली इकत घिऊन येते म्या. त्यो मेला देताना भाव चढवतो अन् घेताना पाडतो."

ताई माझा हात सोडून बांधावर गेली. दादा म्हणाले, "अगं, थांब." ती थांबली नाही.

"काकू," ताई म्हणाली, "तुम्ही हाली कुणाकडून घेता?"

काकूंनी वर पाहिलं. "आता गं बया. मास्तराची पोर. तू हितं काय करतीस?"

"जेवायला आलो होतो. तुम्ही त्याच सराफाकडून घेता का, देवळाजवळच्या?"

"त्याच्याचकडनं. का?"

"आमचे दादा त्यालाच हाली विकतात. तो दादांना कमी देतो आणि तुमच्याकडून जास्त घेतो. मधलं सगळं त्याच्या गल्ल्यात जातं. आमचे हाली तुम्हीच घ्या ना, भाड्यात. तो दादांना देतो त्याहून थोडं जास्त धरा, आणि तुमच्याकडून घेतो त्याहून थोडं कमी."

खुरपणीच्या बाया खुसखुसू लागल्या. एक म्हणाली, "काकू, पोरगी सराफ व्हतीय बगा."

 काकूंनी दादांकडं पाहिलं. दादा वाटेवरच उभे होते, नव्या तळाच्या चपला हातात घेऊन, कारण तिथं चिखल होता. "मास्तर, हे तुमी शिकिवलं का तिला?"

"नाही," दादा म्हणाले. "शाळेत शिकली असेल."

"म्हंजी शाळंत पैसं वाया जात न्हाईत म्हणायचं." काकूंनी पिशवीचं तोंड आवळलं. "पर ह्या घरात हाली... म्हंजी त्या घरात..."

"घरात कोण देतंय," ताई म्हणाली. "आम्ही इथं आणून देऊ. शेतात."

काकूंनी शेतावरून नजर फिरवली. मग त्या म्हणाल्या, "हितं चालंल. हे माज्या बापाचं हाय. हितं मालकांचं काय न्हाय." आणि लगेच, "पर वाजवून घीन म्या. हितंबी."

बांधावर बसूनच भाव ठरला. काकू मधेच उठून बायांवर ओरडत आणि परत येऊन पहिल्यापासून सुरुवात करत. दादा एक आकडा म्हणत, काकू दुसरा, आणि ताई दोघांच्या मधला. शेवटी ताईचाच राहिला. त्या महिन्याचं भाडं दादांनी तिथल्या तिथं दिलं. काकूंनी खुरपं मांडीवर आडवं धरून त्याच्या पात्यावर एकेक रुपया वाजवून घेतला. हाली रुपयाचा आवाज कलदारपेक्षा जरा बसका असे. त्यांनी तो नीट ऐकला.

फार मोठी रक्कम वाचली असं नाही. पण बचत दुधाएवढी होती आणि फीएवढीही. दिवाळीनंतर परंड्याचं नाव घरात कोणी काढलं नाही. ताईचा अर्ज गेला. आईनं कंदिलाची वात वर केली.

तेव्हापासून रविवारचा दिवस काकूंच्या शेताचा झाला. भाडं महिन्यातून एकदाच, पण आम्ही प्रत्येक रविवारी जात असू. बार्शीच्या घरात काकू तशाच राहिल्या. नळाजवळ पाणी सांडलं तर ओरडत, ताईचं मोठ्यानं पाठांतर चाललं की भिंतीवर थापटी मारत. नाक्यापलीकडं गेल्या की त्या वेगळ्याच दिसत. शेंगा भाजून देत, अंबाडीची भाजी आणि लसणाची चटणी बांधून आणत. ताई बांधावर भूमितीचं पुस्तक घेऊन बसे आणि काकू तिला विचारत, "त्या तिरकोनाचं काय झालं मग?" ताई सांगे. त्यांना काही कळत नसे, पण पुढच्या रविवारी त्या परत विचारत. परत जाताना नाक्यावरचा कारकून विचारी, "आज क्या खाये?" त्याला शेंगांचं नाव ऐकूनच समाधान होई.

होळीच्या सुमाराला, ताईची परीक्षा तोंडावर आली असताना, हाली पुन्हा घसरला. सुगी संपली होती. भाव पावसाळ्यात होता त्याच्याही खाली गेला. दादांनी आदल्या संध्याकाळी सराफाकडं जाऊन चौकशी केली, आणि रविवारी शेतात भाड्याच्या रुपयांवर आणखी काही रुपये ठेवून पिशवी काकूंपुढं धरली.

"हे काय?" काकू म्हणाल्या.

"भाव पडलाय. ठरल्या भावानं घेतलं तर तुमचं नुकसान आहे. मधला धरायचं ठरलं होतं, तर मधला आता इथपर्यंत उतरला."

काकूंनी वरचे रुपये उचलून दादांच्या हातात परत दिले. "कुटं पडलाय? बाजारात पडला आसंल. हितं सराफ हाय का कोण?" त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, जणू कोणी बांधाआड लपून बसलं असावं. "हितं ठरला त्यो ठरला. पोरीची परिक्षा होऊ द्या, मग बगू."

कोणी आपणहून काही दिलं तर दादांना ते घेता येत नसे. ते रुपये हातात धरून उभे राहिले. ताई म्हणाली, "दादा, खिशात ठेवा. घाम लागतोय त्यांना." तेव्हा त्यांनी ते ठेवले. परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले. म्हणाले, "फारशीत याला फार चांगला शब्द आहे." कोणता ते आम्ही विचारलं. नाका येईपर्यंत ते आठवत राहिले, पण तो त्यांना आठवला नाही.

ताई परीक्षा देऊन आली. निकाल लागला तेव्हा पेरणीची घाई चालू होती. ताई पास झाली होती, चांगल्या गुणांनी. शाळेतून धावत आलेल्या तिच्या मैत्रिणीनं गल्लीच्या तोंडापासूनच ओरडून सांगितलं. काकू तेव्हा घरातच होत्या, भिंतीपलीकडं. त्यांच्या जात्याचा आवाज मधेच थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

आई वाटीत साखर घेऊन निघाली. "चल, काकूंच्या हातावर ठेव."

"तिथं नको," ताई म्हणाली. "शेतात सांगू."

"अगं, त्यांनी ऐकलं असंल."

"असू दे. शेतातच सांगू."

आम्ही रविवारपर्यंत थांबलो. त्या चार-पाच दिवसांत काकू रोज अंगणात दिसल्या, नळावर दिसल्या. त्यांनी ताईला काही विचारलं नाही आणि ताईनंही सांगितलं नाही. एकदा काकू पाणी सांडल्यावरून ताईला बोलल्यासुद्धा. रविवारी आम्ही नाका ओलांडला, पायवाटेनं शेतात गेलो. काकू बांधावर पोतं टाकून बसल्या होत्या. पेरणीची माणसं थोडी पलीकडं होती. ताईनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, मी पास झाले."

काकूंनी गालावर हात ठेवला. "व्हय?" त्या म्हणाल्या. "कधी?" आणि पेरणीच्या माणसांकडं वळून ओरडल्या, "आरं, थांबवा पाभर जरा. मास्तराची पोर मॅट्रिक झाली." मग त्यांनी पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढला. तो सकाळपासूनच तिथं बांधलेला असणार, कारण उन्हानं जरासा पाघळला होता. ताईच्या हातावर ठेवून त्या दादांना म्हणाल्या, "मास्तर, आता भाडं वाढवावं लागंल. शिकल्याली माणसं ऱ्हात्यात माज्या घरात."

"वाढवा," दादा म्हणाले. "भाव मात्र इथलाच धरा."