आमच्या ॲम्बेसेडरला एसी

दिराचा फोन आला तेव्हा मी चितेगावच्या कारखान्यातून नुकतीच घरी पोचले होते. पुतणीचं लग्न ठरलं होतं, सोयगावला, ऐन मे महिन्यात. मांडव कुठं, पाहुणे किती, आचारी कोण, सगळं सांगून झालं आणि मग तो मुद्द्यावर आला.

"वहिनी, एक बोलू का? दादाला नका आणू. ऊन त्याला नाय झेपायचं. आपण व्हिडिओ कॉल लावू. मांडवात मोठा पडदा लावतो. दादा घरी बसून समदं बघंल."

माझा दीर चांगला माणूस आहे. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, काळजीच होती, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. फोनचा आवाज मोठा होता. आतल्या खोलीत कूलरसमोर माझे मिस्टर बसले होते. मी आत गेले तर हे भिंतीकडं बघत म्हणाले, "बरोबर बोलतोय तो."

"काही बरोबर नाही. आपण जाणार."

"कशात बसून?"

प्रश्न खरा होता.

हे टुरिस्ट गाडी चालवायचे. स्वतःची ॲम्बेसेडर, क्रीम रंगाची, पुढं सलग सीट आणि स्टिअरिंगला लागूनच गिअर. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, उभं आयुष्य याच रस्त्यांवर गेलं. 'पायरी सांभाळा' हे वाक्य यांना जगातल्या कितीतरी भाषांत म्हणता यायचं, दुसरं काहीही येत नसलं तरी. बाकीच्यांनी नव्या गाड्या घेतल्या तरी यांनी हीच ठेवली. मग एका उन्हाळ्यात दौलताबादच्या किल्ल्याखाली पाहुणे उतरवले आणि हे गाडीला टेकून उभे राहिले, ते तिथंच. पाय हलेनात. डोळ्यांपुढं सगळं धूसर. सोबतच्या ड्रायव्हरांना वाटलं उष्माघात झाला. घरी आणून पंख्याखाली निजवलं तर संध्याकाळी उठून चहा मागितला आणि चालत अंगणात गेले.

असं तीनचारदा झाल्यावर आजाराचं नाव कळलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टरांनी समजावलं की नसांवरचं आवरण झिजतं, मग मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही, आणि अंग तापलं की तो वाटेतच अडतो. गार झालं की पुन्हा जातो. म्हणजे हा माणूस हिवाळ्यात काठी घेऊन चौकापर्यंत जाऊन येतो आणि एप्रिलच्या दुपारी स्वतःच्या दारातून बाहेर पडू शकत नाही. लोकांना हे पटत नाही. "सकाळी तर चालत व्हता की," असं आमच्या तोंडावर म्हणून गेलेली माणसं आहेत. मी त्यांना उत्तर देणं सोडून दिलं. होळी झाली की हे घरात, पाऊस पडला की बाहेर, असंच आमचं वर्ष झालं होतं.

एसीची गाडी भाड्यानं का घेतली नाही, असं कुणी विचारेल. घेतली होती. दवाखान्यात जाताना. त्या गाडीची सीट इतकी खाली की यांना बसवलं खरं, पण उतरवताना दोन वॉर्डबॉयनी काखेत हात घालून उपसून काढलं. समोर ओळखीचा ड्रायव्हर उभा होता. त्यानं मान वळवली. त्यानंतर एक उंच गाडी आणली तर तिच्या पायरीवर पाय चढेना. आणि आमच्या अंगणात ताडपत्रीखाली जी उभी होती, तिची सीट बरोबर यांच्या कमरेला लागते. दार मोठं उघडतं. टेकायचं, पाय आत घ्यायचे, झालं. कुणाचा हात लागत नाही. यांचं चालवणं बंद झाल्यावर मी त्याच गाडीवर चालवायला शिकले होते. फक्त त्या गाडीत मे महिन्यात बसणं म्हणजे तव्यावर बसणं.

मग एसी बसवायचा, असं मी ठरवलं.

जुन्या मोंढ्याजवळ गाड्यांच्या एसीचं काम करणारा एक मेकॅनिक आहे, यांच्या धंद्याच्या दिवसांपासूनच्या ओळखीचा. त्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि हसला.

"भाभी, ये गाडी में एसी? नक्को. इंजन का दम निकल जाएंगा."

"निघू दे. माझा पण निघतोय."

"अजी, नयी गाडी लेव ना तुम."

मी म्हटलं, "गाडी कोणती घ्यायची ते विचारायला नाही आले. बसवतोस का, ते सांग. नाहीतर दुसरा बघते."

तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला की डायनॅमो काढून जास्त वीज देणारा अल्टरनेटर लावावा लागेल, कॉम्प्रेसरला इंजिनवर जागा करावी लागेल, डॅशबोर्डखाली थंड हवेची पेटी बसेल, आणि इंजिन आणि आपल्या पायांच्या मधे जो पत्रा असतो, त्याला पाइप जायला भोकं पाडावी लागतील.

भोकं हा शब्द घरी पोचला आणि रणकंदन झालं.

"माझ्या गाडीला ड्रिल लावायचं नाय," हे म्हणाले. "विकून टाक. पण चिरू नको तिला."

विकायची म्हटलं तर गिऱ्हाईक तयारच होतं. शहरात जुन्या गाड्यांचा शौक असलेले एक गृहस्थ अधूनमधून येऊन ताडपत्री उचलून बघून जायचे. एसीचं त्यांच्या कानावर गेलं आणि ते दुसऱ्याच दिवशी हजर. अंगणातल्या खुर्चीवर बसून मला समजावू लागले. "ताई, अशी गाडी ओरिजिनल ठेवायची असते. एक भोक पडलं की तिची किंमत गेली. हा आपला वारसा आहे."

मी म्हटलं, "दादा, ओरिजिनल तर माझे मिस्टरही राहिले नाहीत. त्यांना पण ताडपत्री घालून ठेवू का?"

ते चहा न घेता गेले. आतून यांच्या हसण्याचा आवाज आला. किती दिवसांनी आला होता. पण मी आत गेल्यावर तोंड पुन्हा कडू.

"हसलो म्हंजे हो म्हटलं नाय."

"नका म्हणू. गाडी तुमच्या नावावर आहे, चालवते मी. उद्या नेणार आहे. तुम्हाला पोलिसांत जायचं तर जा, पण पोचायला तुम्हाला गाडी लागेल आणि ती मेकॅनिककडं असेल."

बोलून गेले आणि मलाच वाईट वाटलं. पण मागं घेतलं नाही. यांच्या आजारपणात मी सगळ्यांचं ऐकत आले होते. डॉक्टरांचं, दिराचं, शेजाऱ्यांचं, उन्हाचं. एकदा तरी कुणाचंच ऐकायचं नाही, असं माझ्या मनानं घेतलं होतं, आणि त्या कुणाच्यात हेही आले.

काम सुरू झालं आणि लांबत गेलं. पहिल्यांदा बसवला तेव्हा कॉम्प्रेसरचा पट्टा असा किंचाळायचा की जालना रोडवर माणसं वळून बघायची. शिवाय थंड हवा दारांच्या फटींतून निघून जायची, कारण दारांची रबरं वाळून कधीच कडक झाली होती. आणि सिग्नलला उभं राहिलं की इंजिन तापायचं. मेकॅनिक म्हणायचा, मी आधीच सांगितलं होतं. मी म्हणायचे, मीही आधीच सांगितलं होतं, बसवायचाच आहे.

संध्याकाळी गाडी घरी आणून मी यांना न सांगता बॉनेट उघडून ठेवायचे. दोन दिवस यांनी तिकडं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर काठी टेकत दारापर्यंत आले.

"कॉम्प्रेसरचं ब्रॅकेट तिरपं बसवलंय त्यानं. पट्टा ओरडंल नाय तर काय करंल?"

हे अजून जवळ आले, वाकून बघू लागले. मग मेकॅनिकला फोन लावला आणि त्याला असं काही झाडलं की मला हसू दाबावं लागलं. तिथून पुढं काम यांच्या ताब्यात गेलं. पहाटे गारव्यात मी यांना गॅरेजवर सोडायचे, ऊन चढायच्या आत आणायचे. दोघं तासन्‌तास भांडायचे. रेडिएटरपुढं दोन पंखे लावायचे की एक, यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं. यांचं म्हणणं, एकच पुरे. मेकॅनिकनं दोन लावले आणि मगच गाडी सिग्नलला शांत उभी राहिली. हे म्हणाले, "नशीब त्याचं." छताच्या कापडाआड आणि पायाखाली उष्णता अडवणारं जाड अस्तर घातलं, दारांना नवी रबरं बसवली. आणि पत्र्याला भोकं पडली तेव्हा हे स्वतः तिथं उभे होते. खुणा यांनीच केल्या होत्या.

लग्नाच्या दिवशी आम्ही उजाडताच निघालो. हे पुढच्या सीटवर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. माझ्या मागं बर्फाचा डबा आणि ओले पंचे, कारण मी हट्टी असले तरी वेडी नाही. फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं. आत छान गार होतं. हे काचेतून बाहेर बघत होते, कुठं नवा ढाबा झाला, कुठलं झाड गेलं ते सांगत होते. मे महिन्यातला रस्ता यांनी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

अजिंठ्याच्या घाटाच्या तोंडाशी सगळं अडकलं. पुढं ट्रक आडवा झाला होता. ऊन चांगलंच वर आलेलं. गाड्यांची रांग जागची हलेना आणि तापमानाचा काटा चढू लागला.

"बंद करू का एसी?"

"आत्ता नको. न्यूट्रल कर. जरा रेस धर. एवढी नको, हां, एवढीच. धरून ठेव."

मी पाय तसाच धरून ठेवला. पाण्याचा पंप जोरात फिरू लागला, काटा थांबला. खाली आला नाही, पण थांबला. मागून एका जीपवाल्यानं येऊन काचेवर टकटक केलं. "मावशी, गाडी बंद करा, जळंल ती." मी काच खाली न करता मान हलवली, नाही म्हणून. यांनी माझ्याकडं बघितलं. मग मागं हात लांबवून ओला पंचा घेतला आणि मला वाटलं स्वतःच्या मानेवर ठेवतील, तर माझ्या मानेवर ठेवला. रांग सुटली तेव्हा माझी पोटरी थरथरत होती.

सोयगावला मांडवाच्या दारात गाडी लावली. दीर धावत आला, त्याच्या मागं चार माणसं, उचलायच्या तयारीनं. यांनी दार उघडलं, पाय बाहेर टाकले, काठी रोवली आणि उभे राहिले.

"पडदा लावलास का?" यांनी भावाला विचारलं.

दिरानं वाकून यांच्या पायाला हात लावला.

हे अक्षतांपर्यंत उभे राहिले. मांडवात पंखे होते, पण गरम हवाच फिरवत होते. शेवटच्या मंगलाष्टकाला यांचा गुडघा लटपटला, ते मला दिसलं. अक्षता टाकून झाल्या तशी मी आणि दीर यांना घेऊन गाडीकडं निघालो. शेवटची काही पावलं आम्ही यांना जवळजवळ ओढतच नेलं. तेही सांगायचं टाळणार नाही. एसीनं आजार जात नाही. गाडी लिंबाखाली होती. इंजिन चालू केलं, गार हवा आली, पंचे ठेवले. थोड्या वेळानं यांच्या डोळ्यांत ओळख परत आली.

तेवढ्यात काचेवर टकटक झालं. नवरी. मुंडावळ्या बांधलेली, शालूनं घामाघूम, मागं नवरदेव. मी खाली उतरले तशी ती ड्रायव्हरच्या बाजूनं आत शिरली आणि यांच्याशेजारी बसली.

"मोठे पप्पा, पाया पडते. आन्‌ इथंच बसू का? भायेर लई गरम व्हतंय."

पुढचा तासभर आमच्या गाडीत कोण कोण बसून गेलं! मागच्या सीटवर वराकडच्या दोन म्हाताऱ्या आल्या, त्या उठायलाच तयार नाहीत. एकीनं ताट आतच मागवलं. यांच्याशी बोलायला माणसं रांग लावून उभी. व्हिडिओ कॉलवर कोण बोललं असतं इतकं?

जेवणं झाल्यावर मी निघायचं म्हटलं. दीर म्हणाला, "वहिनी, ऊन तरी उतरू द्या."

"नाही," मी म्हटलं, "आत्ताच निघायचं."

हट्टच होता तो, दुसरं कारण नव्हतं. एकदा भर दुपारी, आमच्या मर्जीनं, रस्त्यावर असायचं होतं. घाट चढताना इंजिनला दम लागला तेव्हा एसी बंद केला, वर पोचल्यावर पुन्हा लावला. आणि अजिंठा गाव मागं पडल्यावर रस्त्यावर मेंढरं आली. मोठा कळप. मी ब्रेक लावला. यांचे वडील आयुष्यभर मेंढरांमागं चालले, हेही लहानपणी त्यांच्यासोबत. कळप सगळीकडून गाडीला घासत चालला होता आणि हे काचेचा दांडा फिरवू लागले.

"अहो, काच नका उघडू, झळ येतीय."

"येऊ दे."

काच पूर्ण खाली गेली. ऊन, धूळ आणि लोकरीचा वास एकदम आत आला. यांनी बाहेर हात काढून एका मेंढराच्या पाठीवर ठेवला आणि मागून येणाऱ्या मेंढक्याला मोठ्यानं विचारलं, "पाव्हणं, कुठं चाललाव?"

तो थांबला. गाडीला टेकला. दोघं बोलत राहिले. मी एसी बंद केला नाही.