एकतीस पावलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. बारामतीच्या स्टँडवर माझी अमेरिकन टॅक्सी होती, आठ सिलिंडरची. स्टँडवरच्या माझ्या जोडीदाराची टॅक्सी विलायती, चारच सिलिंडरची. वाद रोजचा.

"तुझी चढाला ढकलावी लागते," मी म्हणायचो.

"आन तुझी नुसती पेट्रोल पिती, राव!"

एक अनवाणी म्हातारा रोज यायचा. नाव कुणी विचारलं नाही. गाडी ब्रेक लावून थांबली की चाकांच्या खुणेवरून पाऊल पाऊल टाकत तो अंतर मोजायचा, मग बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटायचा. माझी वीस पावलं, जोडीदाराची चौदा. "पळतीया तुमची, थांबतीया त्यांची," एवढंच बोलायचा.

एका सकाळी त्यानं माझ्या गाडीची एकतीस पावलं मोजली. बॉनेटवरचा हात चटका बसल्यासारखा काढला. "आज इंदापूरला नेऊ नका. ही थांबायची न्हाय."

मी हसलो, पण आतून घाबरलो. इंदापूरहून पाहुणे आणायचं ठरलेलं होतं. मी जोडीदाराला म्हणालो, "आज आठ सिलिंडर चालवून तर बघ!" तो खुशीत एकटाच गेला. उतारावर गाडी झाडावर आदळली आणि तो जागीच गेला.

दुसऱ्या दिवशी म्हातारा आला. विलायती गाडीवर हात ठेवून, माझ्याकडं न बघताच म्हणाला, "हिचा धनी तुमच्या जागी बसला व्हय?"

पुन्हा तो दिसला नाही. जोडीदाराची बायको अजून म्हणते, ब्रेक अचानक गेला. मला आधी कळलं होतं, हे तिला सांगणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.