साडेनऊ ते अकरा

आयर्लंडमधल्या आमच्या गावाची मुख्य पेठ उतारावर आहे आणि मधोमध एकदम अरुंद होते. तिथल्या फुटपाथची रुंदी मी स्वतः टेप लावून मोजली आहे: ब्याण्णव सेंटिमीटर. समोरासमोर दोन मोठे ट्रक आले की एकाची डावी चाकं फुटपाथवर चढतात आणि त्याचा आरसा माणसांच्या डोक्यांवरून सरकतो. दुपारी शाळेची मधली सुट्टी झाली की मोठ्या वर्गातली मुलं सँडविच घ्यायला याच फुटपाथवर गर्दी करतात. त्यांत माझी मुलगीही असते.

म्हणून काउन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, मालवाहतुकीचा आराखडा जाहीर केला तेव्हा तो मी कौतुकाने वाचला. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात माल बाहेर पाठवण्याचं नियोजन करतो, त्यामुळे असे कागद मला कंटाळवाणे वाटत नाहीत. मुख्य तरतूद सरळ होती. ठरावीक वजनापेक्षा मोठ्या गाड्यांनी पेठेत माल उतरवायचा तो फक्त सकाळी साडेनऊ ते अकरा. शाळा, ऑफिसची वर्दळ संपल्यावर आणि दुपारची गर्दी सुरू व्हायच्या आधी. लोकांनी सहा आठवड्यांत हरकती आणि सूचना पाठवाव्यात. मी त्याच आठवड्यात पाठिंबा कळवला, फुटपाथच्या मापासकट.

मग शनिवारी भाजी आणायला गेलो आणि अडचण कळली.

पेठेच्या वरच्या टोकाला आपल्याकडच्या किराण्याचं एकच दुकान आहे. ते चालवणाऱ्या ताई नागपूरच्या. तिकडे बँकेत होत्या, इथे आल्यावर त्या कामाचं काही जमलं नाही, म्हणून हे दुकान काढलं. त्यांचा माल दर गुरुवारी डब्लिनहून एका ठोक व्यापाऱ्याच्या ट्रकने येतो. ट्रक आधी अर्ध्या तासावरच्या किलकेनीत थांबतो. तिथले एक दुकानदार आपल्या दुकानासाठी आणि शेजारच्या स्वतःच्या उपाहारगृहासाठी पेट्या उघडून, पारखून माल घेतात. मग उरलेला माल घेऊन ट्रक आमच्याकडे येतो, तोवर एक वाजतो. म्हणजे नेमकी मधली सुट्टी.

"भाऊ, तुम्ही हे वाचलं काय?" ताईंनी फोनवर आराखडा उघडून दाखवला. "अकराच्या नंतर माझा ट्रक येऊच शकत नाही म्हणे."

"वाचलं. मी पाठिंबा दिलाय त्याला."

लपवण्यात अर्थ नव्हता, उगाच दुसऱ्याकडून कळलं असतं.

"वा! म्हणजे भाजी माझ्याकडून घ्यायची आणि ट्रक माझाच बंद करायचा?"

"ताई, फुटपाथ बघा ना. पोरं चालतात तिथून."

"माझी पोरगी पण चालेल दोन वर्षांनी. मी काय ट्रकच्या प्रेमात आहे? पण व्यापारी म्हणतो, छोटी व्हॅन नाही त्याच्याकडे. आणि गावाबाहेर गाडी लावून वीस किलोची पोती चढावर कोण आणून राहिलं?"

दुसरा पुरवठादार शोधून झाला होता. मोठे व्यापारी एवढ्या लहान दुकानासाठी गाडी पाठवत नाहीत. ट्रक बंद म्हणजे दुकान बंद, हे त्यांनी सांगितलं नाही, पण हिशेब अवघड नव्हता.

गावात मराठी आणि इतर भारतीय मिळून चाळीसएक घरं असतील. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हरकतीचा मसुदा फिरू लागला. कोणीतरी इंग्रजीत तो छान लिहिला होता. सगळ्यांनी तोच उचलून, खाली आपलं नाव घालून काउन्सिलला पाठवला. आपल्याकडे निवेदनावर जितक्या सह्या जास्त तितकं वजन जास्त, तोच विचार. बायकोनेही पाठवला.

"एका घरातून एक बाजूने आणि एक विरोधात," मी म्हटलं.

"बरं आहे की. काउन्सिलला वाटेल, या घरात लोकशाही आहे."

मुलीला विचारलं, तुझं मत काय? ती इंग्रजीत म्हणाली, "बाबा, दुकानही हवं आणि आरसा डोक्यात नको. बोथ. इज दॅट नॉट अलाउड?"

काही महिन्यांनी काउन्सिलचा अहवाल आला. त्यात हरकती माणसांनुसार नव्हे, तर मुद्द्यांनुसार मांडल्या होत्या. आमच्या ग्रुपच्या सगळ्या हरकतींचा मुद्दा एकच, म्हणून त्यांना उत्तरही एकच मिळालं, तेही अडीच ओळींचं: वेळेत बदल नाही; व्यापाऱ्यांनी पुरवठादारांशी बोलून फेऱ्यांची वेळ बदलावी. माझ्या पाठिंब्यालाही तेवढीच जागा होती. ग्रुपवर दोन दिवस संताप झाला. मला मात्र उत्तरात अन्याय दिसला नाही. मुद्दा खरोखर एकच होता, आणि फेरी बदला हा सल्लाही चुकीचा नव्हता. फक्त ती बदलणार कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

गुरुवारी सुट्टी काढून मी दुकानात थांबलो आणि ट्रक आल्यावर ड्रायव्हरला विचारलं, आधी इथे आणि परतताना किलकेनी, असं केलं तर? त्याला फरक पडत नव्हता. डब्लिनला परत जायचंच असतं, अंतर तेवढंच. "मला काय," तो म्हणाला, "पण तुमच्या किलकेनीच्या साहेबांना विचारा. पहिला हात त्यांचा असतो."

पहिला हात म्हणजे ताज्या भाजीची पहिली निवड. हाच खरा अडथळा होता, आणि तो ना आराखड्यात होता, ना आमच्या हरकतीत.

रविवारी ताई आणि मी किलकेनीला गेलो. दुकानदार केरळचे, साठीला आलेले, शांत गृहस्थ. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. त्यांचं बहुतेक गिऱ्हाईक म्हणजे हॉस्पिटलमधल्या केरळच्या नर्सेस. गुरुवारी रात्रपाळी संपवून, घरी थोडं आवरून त्या दुकानात येतात.

"त्यांना सांगू काय, की तुमच्या आधी दुसऱ्या गावाने निवडून घेतलं?" ते इंग्रजीत म्हणाले.

"निवडणार नाही," ताई म्हणाल्या.

"आज म्हणता. समोर कढीपत्त्याची ताजी पेटी आली की हात जातोच. माझाही जातो."

ताई म्हणाल्या, "कोणत्या पेट्या हव्यात ते सांगा. त्यांना मी हातच लावणार नाही. बांधलेल्याच तुमच्याकडे येतील."

दुकानदारांनी बोटांवर मोजत सांगितलं: कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, कच्ची केळी, टॅपिओकाचे कंद. कढीपत्त्याची ट्रकमध्ये एकच पेटी यायची. ताईंनी फक्त एक विचारलं, "कढीपत्त्याची एक जुडीसुद्धा नाही?"

"एक जुडी काढायला पेटी फोडावी लागते," ते म्हणाले.

"ठीक आहे."

परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "भाऊ, कढीपत्त्याशिवाय किराणा दुकान म्हणजे काय सांगू लोकांना?"

"सांगा की ट्रक येतो."

"तुमच्या बायकोला तुम्हीच सांगा."

नियम लागू झाला. ट्रक आता साडेनऊनंतर येतो आणि साडेदहाच्या आत निघून जातो. दुपारी पेठेत मोठी गाडी दिसत नाही. मुलगी म्हणते, ग्रँड आहे. हा तिचा सर्वोच्च शेरा.

मध्ये एकदा बायको गुरुवारी मुद्दाम सकाळीच दुकानात गेली. ट्रक उभाच होता, मागचं दार उघडं, आणि कढीपत्त्याची पेटी अगदी पुढ्यात. संध्याकाळी घरी पाहुणे होते.

"ताई, चार काड्या हो. कोणाला कळणार आहे?"

"पेटी फोडलेली कळते."

"अहो, मी सांगणार नाही कोणाला."

"ती किलकेनीची आहे," ताई म्हणाल्या आणि दुसरी पेटी उचलून आत गेल्या. बायको घरी येऊन मला म्हणाली, "तुझ्या आराखड्यात फोडणीचं काही आहे का?"

आता कढीपत्ता हवा असला की आम्ही महिन्यातून एकदा गाडी काढून किलकेनीला जातो. ग्रुपमधली आणखी काही घरंही जातात. त्या केरळच्या गृहस्थांचा धंदा थोडा वाढला असावा, कारण गेल्या वेळी त्यांनी हिशेब करताना एक जुडी जास्त घातली आणि म्हणाले, "ही तुमच्या ताईंना द्या. दुकानासाठी नाही, घरासाठी." आराखड्याचा हेतू गाड्यांची वर्दळ कमी करणं हा होता. आमच्या या फेऱ्या त्यात धरल्यात की नाही, हे विचारायचं मी ठरवलं आहे. दर पाच वर्षांनी हरकती आणि सूचना पुन्हा मागवतात.

जुडी मी परतताना ताईंना दिली. त्यांनी ती गिऱ्हाइकांच्या नजरेआड, गल्ल्याखालच्या खणात ठेवली.