हृदय थांबवायचं होतं

आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकं होती. बाबा रेल्वेत गँगमन. प्रत्येक सभेतून ते खिशात पत्रकांची घडी घेऊन यायचे आणि मी वाचायला शिकले ती त्यांवरच. त्यामुळे अठराव्या वर्षी माझी ठाम समजूत होती, की नीट विचारलं तर जगातली कुठलीही गोष्ट उत्तर देते.

त्या वर्षीच्या जयंतीला कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरच्या आमच्या वस्तीने इतका निळा रंग उधळला, की नंतरही कित्येक दिवस माणसं निळी दिसत होती. हळूहळू सगळ्यांचा रंग उतरला. माझ्या सात वर्षांच्या बहिणीच्या नखांचा आणि ओठांचा मात्र उतरेना. वस्तीला त्याचं कौतुक. म्हातारे तिला खांद्यावर घेऊन म्हणायचे, "हिच्यात आपला रंग मुरलाय रं." तिची नखं आधीही काळसर होती, पण सावळ्या पोरीची नखं कोण निरखून बघतं?

खोकला हटेना म्हणून मी तिला कर्जतच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी कापसावर स्पिरिट घेऊन तिचं नख पुसलं. कापूस पांढराच राहिला. मग त्यांनी तिच्या छातीला नळी लावली, ती बराच वेळ काढलीच नाही. विचारलं, "खेळताना मध्येच उकिडवी बसते का?"

बसायची! लंगडीच्या ऐन डावात बसायची, मग पोरं चिडवायची आणि आई म्हणायची, नाटकं करते. बाईंनी सांगितलं, तसं बसलं की हिच्या रक्ताला थोडा जास्त प्राणवायू मिळतो. हे हिला कुणी शिकवलेलं नाही, हिचं हिनेच शोधलंय. ते ऐकून मला टाळी वाजवावीशी वाटली, पण मी तिचा हात घट्ट धरून ठेवला.

बाबांच्या नोकरीमुळे मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जागा मिळाली. एक्स-रेमध्ये तिचं हृदय चक्क बुटासारखं दिसत होतं. सर्जननी कागदावर चित्र काढलं. हृदयाच्या आतल्या भिंतीला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, त्यामुळे काळं रक्त तसंच अंगभर फिरतं. जन्मापासूनचा, क्वचित आढळणारा दोष. उपाय एकच. हृदय थांबवायचं, तेवढा वेळ रक्त यंत्राने फिरवायचं, भोकाला ठिगळ लावायचं, वाट मोठी करायची.

आईने विचारलं, "आन् परत चालू नाय झालं तर?"

"कधी कधी होत नाही," ते म्हणाले. "पण असंच ठेवलं तर ही मोठी होणार नाही."

घरी आत्या माझ्यावर तुटून पडली. "तुज्या कागदांत लिवलंय का गं, लेकराची छाती फाडा म्हणून?" ती भगताकडे जायला निघालेली. मी भांडले, घसा बसेपर्यंत भांडले. शेवटी बाबांनी आईलाच विचारलं. आई धाकटीचे केस विंचरत होती. फणी न थांबवता म्हणाली, "भगताला इचारलं, तर तो हिचं काळीज उघडून बघनार हाय का? नाय ना? मंग जो बघनार हाय त्याच्याकडंच जाऊ."

इतकं खणखणीत वाक्य मी एकाही पत्रकात वाचलेलं नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी वस्तीतली माणसं रक्त द्यायला आली आणि दंडाला कापूस दाबून आमच्याबरोबर व्हरांड्यात बसून राहिली. आत्याही आली. माझ्याशी बोलली नाही, पण आईचा हात तिने सोडला नाही. मी बंद दाराकडे बघत होते. आत या क्षणी माझ्या बहिणीचं हृदय थांबलेलं असेल आणि तरी ती जिवंत असेल, या विचाराने माझ्या अंगावर पुन्हा पुन्हा काटा येत होता.

सर्जन बाहेर आले ते घामाने भिजलेले. आई उठून उभी राहिली.

"चालू झालं?"

"झालं."

"कुनी केलं?"

"तिचं तिनेच केलं, बाई. आम्ही शिवलं आणि वाट बघितली."

आई मोठ्याने हसली. इतकी, की पलीकडच्या वॉर्डातून नर्स धावत आली, आणि तिने गप्प बसायला सांगितलं तरी आईला हसू आवरेना.