बे सक चौदा

भोंगेकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली असती तर त्यांनी आधी मागे वळून दुसरा कोणी उभा आहे का ते पाहिलं असतं. गल्लीत सगळे त्यांना भोंगेकाकाच म्हणत. पोटापाण्याचा उद्योग वजनकाटे दुरुस्त करण्याचा. वाण्याचा काटा, सोनाराचा तराजू, रद्दीवाल्याचं लोखंडी धूड, सगळे त्यांच्या हाताखालून जात. पण दुकानाला कुलूप लागलं की माणूस वेगळाच. दोन खोल्यांच्या घरात त्यांनी जुनी चावीची वाजंत्री यंत्रं, म्हणजे ग्रामोफोन, भरून ठेवली होती. पलंगाखाली भोंगे, कपाटावर भोंगे, आणि ओट्याच्या वर टांगलेल्या एका चेपलेल्या भोंग्यात काकू कांदे ठेवत.

"सवत आणली असती तर एकच आणली असती," काकू शेजारणींना सांगत. "इथे पंधरा आहेत, आणि प्रत्येकीला तेलपाणी."

भंगारवाल्यांच्या ढिगातून गंजलेलं धड उचलून आणायचं, रविवार-रविवार बसून त्याला रॉकेलने अंघोळ घालायची, स्प्रिंग उघडायची, आवाज काढणारी अभ्रकाची तडकलेली चकती बदलायची, हे सगळं काकांना जमे. लग्नात मांडवाखाली उभं राहणं जमत नसे, कुणाच्या घरी गेलं तर काय बोलावं ते कळत नसे. काकूंनी पहिली काही वर्षं कपाळाला हात लावला, मग तो हात काढून त्याच हाताने भोंगे पुसायला घेतले. संसार असाच होतो.

त्यातलं एक यंत्र तबकड्यांच्याही आधीचं होतं. त्याला तबकडी नसे, मनगटाएवढी मेणाची पोकळ नळी लागे. या फोनोग्राफची खासियत अशी, की तो नुसता बोलत नसे, ऐकूनही घेई. भोंग्यात तोंड घालून मोठ्याने बोललं की सुई मऊ मेणावर रेघ कोरत जाई, आणि तीच रेघ मग परत बोले. काकांना कुठूनशी एक कोरी नळी मिळाली. तेव्हा त्यांची एकुलती एक लेक सहा वर्षांची होती. काकांनी तिला स्टुलावर उभं केलं आणि म्हणाले, "बोल."

"आता बोलू? काय बोलू?" हे नळीवर पहिलं आलं. मग तिने बेचा पाढा घेतला. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, अगदी ठसक्यात. बे पंचे दहा. आणि मग तितक्याच ठसक्यात, बे सक चौदा. मागे उभ्या काकूंना हसू आवरेना. "आई, तू हसू नको ना!" असं ती ओरडली आणि स्वतःच खुदकन हसली. नळी तिथे संपली.

पुढच्याच वर्षी तापाचं निमित्त झालं आणि पोर गेली.

फोटो चार होते. आवाज एवढाच. टेपरेकॉर्डर तेव्हा शेजारीपाजारी आले होते, पण काकांच्या घरात नवी वस्तू यायला बंदी होती. आता झालं असं, की मेणाची नळी जितक्या वेळा वाजवावी तितकी झिजते. सुई जाता जाता थोडा आवाज खरवडून नेतेच. म्हणून काकांनी नेम घातला: वर्षातून एकदाच, लेकीच्या वाढदिवसाला. एरवी ती नळी कापसात, डब्यात, कपाटात, आणि कपाटाची किल्ली काकांच्या कडदोऱ्याला.

काकूंचा जीव तुटायचा. मधेच एखाद्या दुपारी भांडी घासता घासता त्यांना वाटे, आज एकदा ऐकावं. मागून पाहिलं, रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. "झिजेल गं," काका एवढंच म्हणत. "मग कायमची जाईल. मग काय करशील?" काकूंचा भाचा एकदा म्हणाला, "काका, मोबाईलवर घेऊन ठेवतो. मग हवं तेवढं ऐका." काका असे भडकले की भाचा चहा अर्धा टाकून उठला. तिला त्या डबडीत कोंबायचं नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलं. काकूंना त्या दिवशी नवऱ्याचा मनापासून संताप आला, पण त्या तो गिळून बसल्या. ते चुकलंच.

मग काकांची यंत्रं एकेक करून आजारी पडू लागली.

निदान काकांचं निदान तसं होतं. एकाचा आवाज बसला म्हणून त्यांनी चकती बदलली. दुसऱ्याचा बारीक झाला म्हणून जाड सुई लावली. तिसऱ्याचा भोंगाच बदलला. "हवेत काहीतरी आलंय," ते म्हणत, "सगळ्यांचे घसे धरलेत." इकडे काकूंच्या कानाचे पडदे फाटायची वेळ आली होती. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी काका ढिम्म. दार वाजलं तरी ढिम्म. "अहो, जेवायला या," याला "मंगळवारी," असं उत्तर येऊ लागलं तेव्हा काकूंना काय ते कळून चुकलं. यंत्रं ठणठणीत होती. कान गेले होते.

त्यांनी सांगायचं ठरवलं आणि दर वेळी ओठाशी आलेलं परतवलं. ज्या माणसाचा सगळा जीव कानात, त्याला कसं सांगणार? आज सांगू, उद्या सांगू करत वाढदिवस येऊन ठेपला.

काकांनी नेहमीप्रमाणे नळी काढली, चावी दिली, सुई टेकवली. "आता बोलू? काय बोलू?" काकूंनी डोळे मिटले. आवाज होता तसाच होता, पातळ, लांबून आल्यासारखा, पण तिचाच. पाढा झाला, हसणं झालं. काकूंनी डोळे पुसून पाहिलं तर काकांचा चेहरा पांढरा पडला होता.

"आलाच नाही," ते म्हणाले. "सुई नीट बसत नाहीये. वजन कमी पडतंय."

काकू म्हणाल्या, "अहो, आला की! मी ऐकला!" पण काका पाठ करून हत्यारांच्या पेटीत हात घालत होते. तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेल्याचा वास आला आणि काकू आत धावल्या. त्या दूध उतरवत होत्या तेवढ्या वेळात, जन्मभर गुंजभर वजनाचा हिशेब सांभाळलेल्या त्या माणसाने सुईच्या डोक्यावर शिशाचा तुकडा बांधला आणि चावी दिली.

आतून काकूंना खरवडल्याचा आवाज आला. "आता बो..." आणि खर्रर्र.

"अहो, थांबा! उचला ती!" काकू ओरडल्या. गल्लीतल्या माणसांनी खिडकीतून डोकावून पाहिलं, एवढ्याने ओरडल्या. काका भोंग्याला कान लावून, पाठमोरे, तसेच बसून राहिले. काकू हातातलं फडकं टाकून बाहेर आल्या, मध्ये आलेलं एक यंत्र त्यांच्या धक्क्याने खाली पडलं, आणि त्या पोचेपर्यंत नळी संपत आली होती. टेबलावर मेणाचा भुगा पडला होता.

काकांनी मान वर केली. "आता तरी नीट आला का गं? मला नाही आला. तुला आला?"

काकूंनी त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आला."

भुगा त्यांनी त्याच फडक्याने टिपून घेतला. काकांच्या डोळ्यांनाही हल्ली बारीक रेघा दिसत नव्हत्या.

शेवटी काकूंच्या सांगण्यावरून भाच्याने काकांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं त्या दिवशी किल्ली घरी राहिली होती. काकूंनी दार लावून घेतलं, शिशाचा तुकडा सोडला, नळी चढवली. शेवटपर्यंत ऐकली. पाढा नव्हता, हसणं नव्हतं, नुसती खरखर. मग त्यांनी ती होती तशी कापसात ठेवली आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच परत घासली.

डॉक्टरांनी कानात घालायचं मशीन दिलं, पण खरं तेही सांगितलं. भांडी पडल्याचं ऐकू येईल, बारीक आवाज आता यायचे नाहीत. लहान मुलाचा तर नाहीच. काका घरी आले ते खुर्चीत बसले आणि हमसून हमसून रडले. काकूंना वाटलं, कानांसाठी रडतायत. त्या पाठीवरून हात फिरवू लागल्या, तर काका हसतही होते.

"म्हणजे यंत्र चांगलं होतं," ते म्हणाले. "ती बोलत होती. मलाच ऐकू येत नव्हतं. मला वाटलं होतं गं, मीच तिला घालवली."

काकूंना नळीबद्दल जे सांगायचं होतं ते तिथेच राहिलं, कायमचं.

संध्याकाळी काकांनी कडदोऱ्याची किल्ली सोडून काकूंच्या हातात दिली. "मी फार कंजुषपणा केला," ते म्हणाले. "तू मागायचीस आणि मी नाही म्हणायचो. आता मला ऐकूच येणार नाही, तर जपायची कुणासाठी? तू ऐक. रोज ऐक. झिजली तर झिजू दे."

त्यांनी स्वतः नळी चढवली, चावी दिली, काकूंची खुर्ची भोंग्यासमोर ओढली आणि आपण शेजारी बसले. नळी फिरू लागली. खरखर खोलीभर पसरली. काका काकूंच्या चेहऱ्याकडे आशेने पाहत होते.

"काय म्हणते?"

काकू त्यांच्या कानाशी वाकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "आता बोलू? काय बोलू?"

काकांनी मान डोलावली. "पुढे?"

काकूंनी पाढा म्हटला. बे एके बे, बे दुणे चार. बे सकला चौदा म्हटलं. "आई, तू हसू नको ना" म्हटलं. हसूनही दाखवलं. काकांनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांच्या ओठांवर लेकीचा पाढा चालला होता.

दुसऱ्या दिवशीही म्हटलं, तिसऱ्या दिवशीही. रोज दुपारी जेवणं झाली की काका खुर्ची ओढून तयार. बायकोला आपण एवढ्या वर्षांनी सुख देतोय, याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नसे. काकू रोज ओरडून पाढा म्हणत, रोज हसून दाखवत.

असंच एका दुपारी, बे पंचे दहावर, काकू थबकल्या. लेकीचा आवाज मनात आणून मग म्हणायचं, असा त्यांचा परिपाठ होता. आज तो मनात येईना. त्यांनी पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. ऐकू येत होता तो रोज दुपारी ओरडणारा, चिरकलेला, म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"थांबलीस का?" काकांनी विचारलं. "पुढे काय म्हणते ती?"

"चौदा," काकू म्हणाल्या. "बे सक चौदा म्हणते."