बोलावलेली सगळी येईपर्यंत

देवीने माझ्या घरात जातीने लक्ष घालावं, अशी माझी कधी अपेक्षा नव्हती. तिला कामं कमी नाहीत. पण नव्वदच्या दशकात माझ्या मुलाचं लग्न झालं, कोल्हापूरचे गोंधळी आयत्या वेळी आले नाहीत, तेव्हा मीही हात जोडले. आम्ही बंगळूरच्या बसवनगुडीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मराठी, कुलदेवी तुळजापूरची. गोंधळाशिवाय लग्न पुरं होत नाही, म्हणून सासूबाईंनी अन्न सोडलं होतं. त्यांना मधुमेह. डॉक्टर माझ्यावर ओरडले, सासूबाई डॉक्टरांवर ओरडल्या, उपास चालूच राहिला.

दुसऱ्या दिवशी नारळ आणायला निघाले, तर पार्काच्या फाटकाशी हवालदार काही जणींना हुसकावत होता. जोगप्पा होत्या: जन्म मुलाचा, पण सौंदत्तीच्या यल्लम्मादेवीला वाहिलेल्या आणि बायका म्हणून जगणाऱ्या. त्यांच्यातल्या एकीच्या, बेळगावकडच्या शांतक्काच्या, काखेत चौंडकं, देवीच्या गाण्याचं तारेचं वाद्य, दिसलं, तसं मी सरळ विचारलं, "गोंधळ घालता येतो का?"

"येतो की. पण आज आमच्या संघाची सभा हाय, आन् बसायला जागा न्हाई."

"सभा माझ्या गच्चीवर घ्या. आधी गोंधळ."

"सरी, चालतंय."

"देवीनेच धाडलं तुम्हाला," मी म्हणाले.

"देवीनं कुठलं, अक्का? ह्या हवालदारानं."

संध्याकाळी चौक मांडला. शांतक्काने तुळजापूरच्या, माहूरच्या, सौंदत्तीच्या आईला बोलावलं. मग त्याच चालीत शिवाजीनगरच्या मुन्नीला आणि यशवंतपूरच्या चांदनीला. ही इथली ग्रामदैवतं असणार, असं समजून सासूबाई प्रत्येक नावाला नमस्कार करत होत्या. मागून घोगऱ्या आवाजात "आले!" असं उत्तर आलं, तेव्हा त्या दचकल्या. शांतक्काने सभेची हजेरी गोंधळातच उरकायला घेतली होती.

आनेकलच्या गौरक्काला मात्र उत्तर आलं नाही. बस स्टँडवर उभी होती म्हणून पोलिसांनी तिला सकाळीच उचललं होतं. तिला सोडवायला कोण जाणार, हेच सभेत ठरायचं होतं.

सासूबाई ताठ बसल्या. "बोलावलेलं दैवत पोलिसात, आणि मी इथं जेवू? अगं, बघतेस काय? जा!"

गेले. ठाण्यातल्या साहेबांना कन्नडमध्ये सांगितलं, घरी म्हातारी उपाशी आहे, तिला काही झालं तर ह्याच बाकावर आणून बसवेन. मागे अख्खा संघ उभा. शांतक्काने चौंडक्याची तार जुळवायला घेतली. साहेब मला भ्यायले की चौंडक्याला, कोण जाणे, गौरक्काला सोडलं.

ती दारात आली. सासूबाईंनी तिच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं आणि मग आपलं ताट मागितलं. त्या दोन घास जेवल्या, तेव्हा कुठे मी माझं ताट वाढून घेतलं.

सभा गच्चीवर झाली. पुढे कोणी पकडलं गेलं तर ठाण्यात कोण जाणार, यासाठी सगळ्यांनी माझं नाव पक्कं केलं. मला विचारलंसुद्धा नाही.

शरण जाणं म्हणजे सगळं देवीवर टाकून मोकळं होणं, असा माझा समज होता. ती उलट आपल्यावरच टाकते. तिचे उपकार मी रोज मानते, आणि एक बरी साडी कायम इस्त्री करून ठेवते, ठाण्यात जायला.