आश्रिताचा कागद

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कागदांना इस्त्री. बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत, दुपारी. मी पेटीतून एकेक कागद काढायचा, ती त्यावर ओलसर फडकं टाकून इस्त्री फिरवायची. घराचं खरेदीखत. पेन्शनचे कागद. वाळूजच्या कारखान्यात पंचवीस वर्षं मशीनवर काम केलं म्हणून मिळालेलं प्रमाणपत्र. त्याच्यावर तिनं दोनदा इस्त्री फिरवली. म्हणली, "बघू द्या त्यांच्या सरकारला. आपुन कुनाच्या दारात हात पसरलेली माणसं नाय."

पोरगा ऑस्ट्रेलियात. आईबापाला कायमचं तिकडं न्यायचं त्याच्या मनात होतं. अर्जासाठी शहरातला व्हिसाचा एजंट त्यानंच गाठून दिला. आम्हाला वाटलं, परका मुलूख माणूस घरात घेतोय, तर इज्जतदार माणूसच बघत असंल. म्हणून होती नव्हती तेवढी इज्जत फायलीत लावून एजंटाकडं देऊन आलो.

चौथ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली. दवाखान्याच्या पायरीवरच गेली.

पोरगा आला. तिच्या मागचा जलदान विधी झाला. आठ दिवस राहून तो परत गेला. जाताना सांगून गेला, एजंटाला भेटा, आता अर्ज बदलावा लागंल.

गेलो. काचेचं दार, आत गारठा. एजंटानं मला उभंच ठेवलं अन् फाईल उघडली. तिच्या नावावर लाल पेनानं आडवी रेघ मारली.

"बरं झालं काका. एकट्याची केस सोपी जाते."

बरं झालं. बेचाळीस वर्षं संसार केलेली माझी बायको मेली, ते बरं झालं. समोर खुर्ची होती, न सांगता बसलो.

तो समजावू लागला. जोडीच्या अर्जाला लांब रांग असते. आता जोडीदार नाही, तर आश्रित नातेवाईक म्हणून कायमचं राहता येतं. फक्त माणूस आश्रित दिसला पाहिजे. मग मी विधुर हे दाखवायला लग्नाचा पुरावा मागितला. पत्रिका, कार्यालयाची पावती, भटजीची सही, काहीपण. मी सांगितलं, यातलं काही नाय. आमच्या वस्तीतल्या विहारात त्रिशरण-पंचशील घेतलं, एकमेकांना हार घातले, अर्ध्या तासात लग्न झालं. तो शेजारच्या टेबलावरच्या बाईकडं बघून हसला.

"हां, म्हणजे तुमच्यातलं."

हे 'तुमच्यातलं' मला नवं नाय. गावात पाणवठ्यावर ऐकलं, कारखान्यात डबा उघडताना ऐकलं. पण या वेळी मला संशय आला. आमच्या लग्नाला हसणारा हा माणूस माझं भलं कशाला करील?

त्यानं खरेदीखत, पेन्शनचे कागद, प्रमाणपत्र, सगळं बाजूला काढलं. हे दाखवायचंच नाही म्हणला, यानं केस बिघडते. अन् टाईप केलेले तीन कागद पुढं ठेवले. शेजारी शाईचं पॅड. सही येते का, विचारलं नाय. माझे हात बघितले अन् पॅड ठेवलं.

मी चौथी शिकलोय. अक्षराला अक्षर लावून वाचतो. खिशातून चष्मा काढून लावला.

"वाचण्यासारखं काही नाही त्यात. मुलाला सगळं माहीत आहे."

मुलाला माहीत आहे म्हणल्यावर मी जास्तच हळू वाचलं. पहिला कागद, बायको मेली. खरं. दुसरा, मला कमाई नाही, स्वतःचं स्वतःला होत नाही, कैक वर्षं मुलाच्या पैशावर जगतो. खोटं. एक रुपया घेतला नाय आम्ही. तिसरा, मुखत्यारपत्र. माझं घर विकायचा हक्क पोराला.

पॅड त्याच्याकडं सरकवलं. फाईल उचलली अन् निघालो.

संध्याकाळी पोराला फोन लावला. घराचं तुला ठाऊक होतं का, एवढंच विचारलं.

"बाबा, घर, पेन्शन असल्यावर आश्रित धरत नाहीत. नुसता कागद आहे. तिथं एकटे किती दिवस काढाल?"

"तुझी आई असती तर तिच्याकडून घेतली असती का सही?"

पोरगं वाईट नाय. पण त्याला मी पाहिजे होतो का घर, हे मला अजून समजलं नाय. कदाचित त्यालाही समजलं नसंल. मी म्हणलं, नातवंडांना भेटायला येईन. पाहुणा म्हणून, माझ्या तिकिटानं. जन्मभर राबून वर खोटं लिहून तुझ्या दारात पडणार नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं परत त्या ऑफिसात गेलो. अर्ज मागं घेतो, असं माझ्या हातानं लिहून दिलं, पोच घेतली. काम संपलं होतं. पण बाहेरच्या बाकावर सिल्लोडकडचं एक म्हातारं जोडपं फाईल घेऊन बसलं होतं. त्यांचा लेकही तिकडंच. बाई नवऱ्याला विचारत होती, अंगठा दिला की झालं का आपलं?

मी त्यांच्या शेजारी बसलो. म्हणलं, "आत जे कागद पुढं ठेवतील ते आधी बाहेर आणा. मी हळू वाचतो, पण सगळं वाचतो."

आतून शिपाई आला. तुमचं काम झालं ना आजोबा, उठा, म्हणला.

मी उठलो नाय.